भाच्याला यॉटवर नोकरी लागली आहे, एजंट म्हणतो ‘टुरिस्ट व्हिसावर जा’. जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचा मालवणचा, क्रूझ जहाजावर डेकला दोन कंत्राटं झालेली, सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, हातात आहे. आता फ्रान्समध्ये आंतीबला असलेल्या पन्नासेक मीटरच्या मोटर यॉटवर डेकहँडची ऑफर आली आहे, १० एप्रिलला चढायचंय. नवी मुंबईतला एजंट म्हणतो, ‘शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा काढू, बाकीचं तिकडे गेल्यावर कॅप्टन बघेल’, आणि ‘व्हिसा प्रोसेसिंग’ म्हणून वर पैसे मागतोय. (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट.) हे बरोबर आहे का आणि तिकडे किनाऱ्यावर मदतीला नक्की कोण असतं, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर नाही. टुरिस्ट व्हिसाही नाही आणि पैसेही नाहीत. यॉटच्या क्रूची किनाऱ्यावरची कामं करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. क्रू बदल, इमिग्रेशन, बंदरातले कागद, मधूनच डेंटिस्टची अपॉइंटमेंट, असं सगळं. या कामात सगळ्यात जास्त मनस्ताप देणारं वाक्य म्हणजे ‘तिकडे गेल्यावर बघू’.

पण व्हिसाकडे यायच्या आधी बोटीची चौकशी करा. घरचे लोक व्हिसापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. बोटीवर झेंडा कुठला, म्हणजे ती कुठल्या देशात नोंदलेली आहे? नोंदणी कमर्शियल आहे की प्रायव्हेट? आणि एप्रिलमध्ये ती फिरणार आहे की यार्डात उभी राहून रंगरंगोटी करून घेणार आहे? या तीन गोष्टी कळल्या की निम्मे कागद आपोआप ठरतात.

चार्टरला, म्हणजे भाड्याने, जाणारी कमर्शियल यॉट असेल तर तिला २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे एमएलसी हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. मग लेखी करार, परतीचं तिकीट, आजारपणाचा खर्च, कामाच्या तासांची मर्यादा हे सगळं कायद्यात बसतं. २०१७ पासून मालकाने क्रूला वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परत पाठवण्याचा खर्च निघेल एवढी आर्थिक हमीही बोटीवर ठेवावी लागते. तिचा कागद क्रूला दिसेल अशा जागी लावलेला असायला हवा. मालकाच्या फक्त खाजगी वापराची यॉट या कन्व्हेन्शनमध्ये येत नाही. अशा बोटीवर जाऊच नये असं माझं म्हणणं नाही, काही फार चांगल्या चालवतात. मात्र तिथे जे मिळणार ते करारात लिहिलेलं असलं तरच मिळणार, म्हणून करार दोनदा वाचायचा.

आता मुख्य गोची. खलाशांसाठीचे नियम मालवाहू जहाज डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. जहाज आलं, दोन दिवस माल उतरवला, निघालं. मुलगा विमानातून उतरतो, त्याच दिवशी जहाजावर चढतो, शेंगेनमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि दिवस मोजायचा प्रश्नच येत नाही. यॉट तशी नसते. ती हिवाळाभर आंतीब, पाल्मा, बार्सिलोना, ला सिओताच्या धक्क्यावर पडून असते. क्रू बोटीवरच राहतो, काम करतो, संध्याकाळी गावात जेवायला जातो. कायद्याच्या नजरेत हा माणूस समुद्रावर नाही, युरोपात आहे. त्याचे दिवस चालू आहेत.

याचा निकाल युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० ला दिला. प्रकरण रॉटरडॅम बंदरातलं होतं. तिथे दीर्घकाळ उभ्या असलेल्या जहाजांवर खलाशी कामाला चढले होते आणि त्यांना चढतानाच बाहेर पडल्याचा शिक्का हवा होता. न्यायालय म्हणालं, चढताना नाही. जहाज आता लवकरच सुटणार असं कॅप्टन अधिकाऱ्यांना कळवेल तेव्हाच शिक्का. त्याआधी काही बंदरांत कॅप्टनच्या पत्रावर शिक्का मारून देत, आणि महिनोन्महिने धक्क्यावर राहिलेला माणूसही कागदावर ‘बाहेर’ असे. जुनी मंडळी अजून त्याच काळातल्या गोष्टी सांगतात. त्या ऐकून घ्यायच्या, त्यावर विसंबायचं नाही.

शेंगेनचा हिशोब कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस असा आहे. आलेला दिवस धरायचा, गेलेलाही धरायचा. भाचा १० एप्रिलला नीसला उतरला आणि शिक्का मारून बाहेर पडला नाही, तर ९०वा दिवस ८ जुलैला येतो. म्हणजे सीझन ऐन भरात असताना. तुम्ही म्हणाल, बोट तर मेमध्येच सुटेल. सुटेल, पण कुठे जाईल? आंतीबहून कॉर्सिका, तिथून सार्डिनिया, मग कॅप्री. हे सगळं शेंगेनच्या आतच. एका शेंगेन बंदरातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्लेझर बोटीवर सीमा तपासणी होत नाही, त्यामुळे बाहेर पडल्याची नोंदही होत नाही. पूर्वी क्रोएशियाला एक फेरी मारली की दिवस थांबायचे. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आला आणि ती सोय संपली. आता माँटेनेग्रो, अल्बानिया, तुर्कस्तान, ट्युनिशिया यांच्यापैकी कुठे बोट जाणार असेल तरच बाहेर पडल्याची नोंद होते. म्हणून करारासोबत सीझनचा अंदाजे मार्ग मागा. पक्का कुणीच देणार नाही, मालकाच्या मर्जीवर असतो तो, पण ‘जूनमध्ये माँटेनेग्रो ठरलंय’ एवढं कळलं तरी हिशोब बदलतो.

इथे एक घोळ हमखास होतो. युरोपबाहेरच्या झेंड्याच्या खाजगी यॉटला युरोपियन युनियनच्या पाण्यात तात्पुरत्या प्रवेशाखाली १८ महिने राहता येतं. तो कस्टम्सचा, व्हॅटचा नियम. कॅप्टन बिनधास्त सांगतो, ‘आम्हाला १८ महिने आहेत.’ बोटीला आहेत. माणसाला ९० दिवसच आहेत.

आणि आता ‘कोण बघतंय’ असं म्हणायची सोय राहिली नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर एंट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्क्यांच्या जागी संगणकात नोंद. आधी पासपोर्टची पानं उलटत अधिकारी बोटावर दिवस मोजायचा, चुकायचाही. संगणक चुकत नाही, आणि प्रवेश नाकारल्याची नोंदही त्यात राहते. भाच्याला वही घालायला सांगा: तारीख, बंदर, बोट कुठून कुठे गेली, बाहेरची नोंद झाली की नाही. बोर्डिंग पासचे फोटो त्यातच. कॅप्टन वीस जणांचे दिवस मोजत बसत नाही, आणि उद्या ओव्हरस्टे झाला तर नोंद मुलाच्या नावावर होते, बोटीच्या नाही.

आता व्हिसा. शेंगेनचा छोट्या मुदतीचा व्हिसाच काढायचा आहे, पण प्रवासाचा उद्देश खलाशी म्हणून बोटीवर रुजू होणं असा लिहून, आणि तोही मल्टिपल एंट्री. बोट बाहेर जाऊन परत येणार, सिंगल एंट्रीवर मुलगा बाहेरच अडकेल. बोट फ्रान्समध्ये आहे म्हणून अर्ज फ्रान्सकडे. फी ९० युरो, जून २०२४ पासून. बाकी लोकांना प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, खलाशांना नऊ महिने आधी. ही सवलत खुद्द व्हिसा कोडमध्ये आहे, तरी कित्येक एजंटांना माहीत नसते. वैद्यकीय विम्याचंही तसंच. इतरांना ३०,००० युरोचा विमा दाखवावा लागतो. खलाशाला नोकरीतूनच संरक्षण असेल तर ती अट पूर्ण झाली असं धरता येतं. मात्र तसं पत्र बोटीच्या कंपनीकडून हवं.

या अर्जाचा जीव पत्रात असतो. बोटीचं नाव, झेंडा, नोंदणी क्रमांक किंवा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक, सध्या कुठल्या बंदरात, कोणत्या तारखेला रुजू, कुठल्या हुद्द्यावर, किती महिन्यांसाठी, परतीचा खर्च कोणाचा, आणि तिथल्या पोर्ट एजंटचं नाव व फोन. पत्र बोटीच्या लेटरहेडवर, कॅप्टनच्या सही-शिक्क्याचं. सोबत करार, सीडीसी, एसटीसीडब्ल्यूची म्हणजे खलाशी प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं, मेडिकल. मेडिकल कोणतं चालेल ते झेंड्यावर ठरतं. केमन, आयल ऑफ मॅन वगैरे रेड एन्साइन, म्हणजे ब्रिटिश गटातल्या, झेंड्यांच्या बोटी बहुधा ईएनजी-१ हे ब्रिटिश मेडिकल मागतात, म्हणून आधी विचारून मगच पैसे भरा.

टुरिस्ट व्हिसावर गेला तर काय होईल? कदाचित काहीच नाही, आणि म्हणूनच एजंट तसं सांगतो. पण नीसच्या विमानतळावरचे अधिकारी रोज यॉटचा क्रू बघतात. हॉटेलचं बुकिंग चार दिवसांचं, बॅगेत सेफ्टी शूज, फाइलमध्ये सीडीसी आणि करार. दोन प्रश्नांत खेळ खलास. व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो आणि ती नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून एक चांगली सोय झाली आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल, आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. यॉटवर करिअर करणाऱ्या पोरासाठी हे सोनं आहे. पहिल्याच फेरीला डाग लागला तर तो रस्ता बंद.

पैशांचं. एमएलसीत स्वच्छ लिहिलंय: नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून काही घ्यायचं नाही. त्याने स्वतः भरायचं ते वैधानिक मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट एवढंच. व्हिसाचा खर्च मालकाचा. आपल्याकडे परदेशी बोटींवर माणसं पाठवायला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचं, आरपीएसएल हे खलाशी भरतीचं लायसन्स लागतं, आणि लायसन्सधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. एजंटचा आरपीएसएल नंबर मागा आणि स्वतः ताडून बघा, त्याने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. नंबर नसेल तर विषय तिथेच संपवा. यात दुसरीही मेख आहे. आरपीएसएल कंपनी खलाशाची माहिती डीजी शिपिंगच्या प्रणालीत भरते आणि मुंबई विमानतळावर इमिग्रेशनवाले ती तपासू शकतात. सीडीसी दाखवून खलाशी म्हणून निघालेल्या पोराची नोंदच नसेल, तर तो विमानापर्यंत पोचतही नाही.

आता किनाऱ्यावर कोण असतं ते सांगतो, कारण घरी सगळ्यांनाच ‘एजंट’ म्हणतात आणि नको त्या माणसाला फोन जातो. नवी मुंबईतला तो मॅनिंग एजंट. त्याचं काम मुलगा बोटीवर चढेपर्यंत. आंतीबमधला तो पोर्ट एजंट, बोटीने नेमलेला. तो बर्थ (धक्क्यावरची जागा), इंधन, कचरा, कस्टम्समधून सुटे भाग सोडवणं, आणि क्रूला सीमा पोलिसांकडे नेणं-आणणं बघतो. तिसरी मॅनेजमेंट कंपनी, जी करार आणि पगार सांभाळते. मोठ्या कमर्शियल बोटींच्या कंपनीत ‘डेझिग्नेटेड पर्सन अशोर’ म्हणून एक माणूस नेमलेला असतो. कॅप्टनशीच बिनसलं तर थेट त्याच्याशी बोलता येतं. त्याचा नंबर बोटीवर लावलेला असतो. भाच्याने पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवावा. घरच्यांकडे हे सगळे नंबर हवेत, वेगवेगळे, कोण कशासाठी ते लिहून.

पोर्ट एजंटच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे क्रू लिस्ट. आयएमओचा ठरलेला नमुना आहे, फॅल फॉर्म ५: आडनाव, नाव, हुद्दा, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, जन्मस्थान, कागदपत्राचा क्रमांक. साधा तक्ता, पण मुलगा बोटीचा आहे हे सांगणारा कागद तोच. आपली मराठी मुलं इथे नेहमी अडकतात. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात ‘प्रथमेश सुरेश’ असं वडिलांच्या नावासकट असतं. बोटीवरची चीफ स्टुअर्डेस किंवा पर्सर ‘सुरेश’ला मधलं नाव समजून गाळते, किंवा त्यालाच आडनाव करते. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो, मग तर आनंदच. एअरलाइनच्या तिकिटावर एक नाव, व्हिसावर दुसरं, क्रू लिस्टवर तिसरं. यातून बाहेर पडायला अर्धा दिवस जातो आणि तेवढा वेळ मुलगा पोलिसांच्या बाकावर बसून. उपाय फुकट आहे: पासपोर्टच्या खालच्या दोन मशीनच्या ओळी जशा छापल्या आहेत तसंच नाव सगळीकडे टाका, आणि चढायच्या आधी क्रू लिस्टची प्रत मेलवर मागवून अक्षरन् अक्षर बघा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेत का, तेही. अमेरिकन पर्सर असेल तर होतातच.

विमान शक्यतो आखातातून घ्या, दुबईहून नीसला थेट सेवा आहे. म्हणजे इमिग्रेशन नीसलाच होतं. पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे गेला तर शेंगेनमधला प्रवेश तिथेच होतो, आणि तिथल्या अधिकाऱ्याला आंतीबच्या बोटींशी काही देणंघेणं नसतं. एअरलाइन ‘ओके टू बोर्ड’, म्हणजे प्रवाशाला विमानात घ्यायला हरकत नाही असा संदेश, मागत असेल तर तो बुकिंगमध्ये पडलाय का हे निघायच्या आदल्या दिवशी एअरलाइनलाच फोन करून विचारायचं. पत्र, करार, क्रू लिस्ट यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत. फोनची बॅटरी नेमकी रांगेत संपते.

चढल्यावर पासपोर्ट कॅप्टनच्या तिजोरीत जातो. त्यात वावगं काही नाही, मागितला की मिळाला पाहिजे एवढंच. गावात जाताना मग काय जवळ ठेवायचं? बाहेरून आलेल्या बोटीचा खलाशी क्रू लिस्टवर असेल आणि त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियमांप्रमाणे दिलेलं सीफेरर ओळखपत्र असेल, तर बंदराच्या गावात आणि लगतच्या गावांत त्याला व्हिसाशिवाय उतरता येतं. भारताने तो करार, क्रमांक १८५, २०१५ मध्ये स्वीकारला आणि २०१९ मध्ये बायोमेट्रिक ओळखपत्र, म्हणजे बीएसआयडी, द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला जाहीर झालेल्या केंद्रांत मुंबई आणि गोवा दोन्ही होती. मालवणहून गोवा बरं पडेल. भाच्याकडे हे कार्ड नसेल तर निघायच्या आधी काढा. ते व्हिसाची जागा घेत नाही. त्यावर नीसहून रेल्वे पकडून पॅरिसला जाता येत नाही.

एक गोष्ट त्याला बजावून सांगा. आंतीबला धक्क्यावर फिरून बोटीबोटीला काम विचारायची पद्धत आहे, डॉकवॉकिंग म्हणतात. रोजंदारीवर डेवर्कही मिळतं. युरोपियन पोरं ते करतात म्हणून ह्यानेही करावं असं नाही. ती तिथली नागरिक आहेत. ह्याचा व्हिसा ज्या बोटीच्या पत्रावर मिळालाय ती बोट ह्याने सोडली की तो पायाच गेला. बोट बदलायची असेल तर नवीन करार, नवीन पत्र, दोन्ही पोर्ट एजंटांना कळवून, आणि आधीच्या बोटीच्या क्रू लिस्टवरून रीतसर नाव काढून. साइन ऑफ करताना, म्हणजे बोट सोडताना, सीडीसीत नोंद आणि सी सर्व्हिसचं, म्हणजे बोटीवर केलेल्या कामाचं, पत्र त्याच दिवशी हातात घ्यायचं. नंतर मेलवर मागितलेली पत्रं येत नाहीत, कॅप्टनही तोवर बदललेला असतो.

राहिलं अमेरिकेचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण ही बोट हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून फ्लोरिडा किंवा कॅरिबियनला जाणार असेल तर ऑक्टोबरमध्ये कॅप्टन अमेरिकन व्हिसाबद्दल विचारेल, ‘बी-वन आहे ना?’ मालवाहू जहाजाच्या माणसाला सी-वन/डी व्हिसा पुरतो, त्यावर एका वेळी जास्तीत जास्त २९ दिवस राहता येतं. खाजगी यॉट तिथे महिनोन्महिने राहते, म्हणून तिच्या क्रूला बी-वन लागतो. क्रूझच्या वेळचा सी-वन/डी भाच्याच्या पासपोर्टवर असेल, तर तो इथे उपयोगाचा नाही. पूर्वी यॉटची मुलं युरोपातल्या किंवा बार्बाडोससारख्या ठिकाणच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन मोकळी व्हायची. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलंय की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा कायम राहण्याच्या देशातच करा. म्हणजे मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत, आणि तिथल्या तारखा लांबच्या असतात. बोटीचं पत्र आत्ता हातात येणारच आहे, तर त्यातच हिवाळ्याच्या मार्गाचा उल्लेख करून घ्या आणि एप्रिलच्या आत मुलाखतीची तारीख मिळते का बघा. एकदा आंतीबला चढला की नोव्हेंबरपर्यंत त्याला मुंबईला यायची उसंत मिळणार नाही.